मधल्या राशीचा वास

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला सांगायची म्हणून कितीदा तरी सुरुवात केली आणि दर वेळी भलतंच काहीतरी बोलून गप्प बसलो. आता ती ऐकायला नाही. मुलांना माझ्या पोलादपूरच्या दिवसांबद्दल एवढंच ठाऊक आहे की मी तिथे बटाट्याच्या वखारीत होतो आणि माझं नाक फार तिखट होतं. त्या नाकाच्या गमती मी त्यांना रंगवून सांगितल्या. पण एका उन्हाळ्यात काही आठवडे मला नाकच नव्हतं. ते आठवडे मी नेमके गाळत आलो.

गेल्या महिन्यात शेतकी कॉलेजात शिकवणारे एक गृहस्थ आमच्याकडे जेवायला आले होते. पानात बटाट्याची भाजी होती, त्यावरून विषय निघाला. ते म्हणाले, साठवलेला बटाटा सडू लागला की डोळ्यांना दिसण्याच्या बऱ्याच आधी त्यातून निराळे वायू बाहेर पडतात, आणि हल्ली ते वायू यंत्रानं ओळखायचे प्रयोग चालले आहेत. मुलगा कौतुकानं म्हणाला, "आमचे बाबा हेच काम नाकानं करायचे." पाहुण्यांनी माझ्याकडे वळून सहज विचारलं, "मग कधी चुकलात की नाही?"

मी म्हणालो, "नाही."

तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही. लिहायला बसतो, उठतो, अंगणात दोन फेऱ्या मारतो, पुन्हा बसतो. आज संपेपर्यंत उठायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

मी महाडचा. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा झाल्यावर एका व्यापाऱ्याकडे लिखापढीला लागलो. त्यांना सगळे शेट म्हणत. महाबळेश्वराकडचा बटाटा घाटानं बैलगाड्यांतून पोलादपूरला उतरे, तिथे त्यांच्या वखारीत राही आणि मागणी येईल तसा महाडला, आणि दासगावच्या बंदरातून पुढे गलबतानं जाई. एकदा महाडच्या दुकानात मी एका शिवलेल्या पोत्याजवळून जाताना थबकलो आणि म्हणालो, यात एक बटाटा गेलेला आहे. शेटनी पोतं ओतायला लावलं. तळाशी निघाला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला पोलादपूरला धाडलं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो.

वखार म्हणजे दगडी जोत्यावर उभी केलेली लांबलचक पडवीच. भिंती कारवीच्या कुडाच्या, वारा खेळावा म्हणून मातीनं न लिंपलेल्या. जमिनीवर सावित्रीची वाळू, वाळूवर बटाट्याच्या तीन राशी, राशींवर निरगुडीचा पाला. प्रत्येक राशीत बांबूच्या चार-चार नळ्या खुपसलेल्या असत. आतली पेरं फोडून नळी पोकळ केलेली, खालच्या टोकाला भोकं पाडलेली आणि वरच्या तोंडाला काथ्याचा बोळा बसवलेला. रात्रभर राशीच्या पोटातली हवा त्या नळीत चढे. सकाळी उठल्यावर चहा नाही, पान नाही, तंबाखू तर नाहीच. आधी वखारीत जायचं, बोळा काढायचा, तोंडाला नाक लावून एकच श्वास घ्यायचा. दुसरा श्वास घेतला की नाक गोंधळतं.

बटाटा जमिनीतून काढला तरी जिवंत असतो. चांगल्या राशीचा श्वास ओल्या मातीसारखा लागतो. कोंब फुटायला लागले की त्यात थोडा हिरवटपणा येतो. एखादा बटाटा आतून पाणी धरायला लागला की पहिल्या दिवशी नुसता उबट गोडसर वास येतो, पिकून उतरलेल्या फणसाचा येतो तसा, पण फार पुसट. हा एकच दिवस आपल्या हातात असतो. त्या दिवशी रास मोडून तेवढे दहा-वीस बटाटे काढले तर बाकीची वाचते. मग वास कुबट होतो, मग माशासारखा, आणि तो कुणालाही येतो. तोवर राशीचं पोट गेलेलं असतं.

राशी मोडून निवडायचं काम तीन बायांकडे होतं. त्यांच्यातली मोठी वरच्या वाडीवरून येई. पस्तिशीची असेल. नवरा मुंबईला गिरणीत होता. मी तिला वहिनी म्हणे, ती मला भाऊ. सकाळी मी नळीवर वाकलो की ती बोळा हातात धरून शेजारी उभी राही. माझा श्वास जरा लांबला की म्हणे, "भाऊ, वास घेताय का हुक्का वढताय?"

"घेऊ द्या की नीट."

"घ्या, घ्या. पर सगळा तुमीच घेऊ नका. राशीलाबी थोडा ठेवा."

तिलाही वास कळे. माझ्याइतकाच, कदाचित जास्त. पण ती बाई होती, निवडायला ठेवलेली. तिच्या नाकाला कुणी नाक म्हणत नव्हतं. शेट पाहुण्यांपुढे मला उभं करत आणि म्हणत, "हे आमचं नाक." मी लाजल्यासारखं करायचो.

त्या वर्षी शिमग्यानंतर मला जबर पडसं झालं. ताप उतरला, नाक मोकळं झालं, श्वास व्यवस्थित चालू लागला. मी जिथे जेवायला जाई त्या खानावळीत एके दुपारी सगळे कुरकुरायला लागले, "आमटी करपलीय, तोंडात घालवत नाही." मी माझी वाटी केव्हाच संपवली होती. तसाच उठून वखारीत गेलो आणि एकेका नळीचा बोळा काढून वास घेतला. काहीच नाही. निरगुडीचा पाला चुरगाळून नाकाला लावला. काही नाही. भिंतीला नाक लावावं तसं.

शेटना त्याच दिवशी सांगायला हवं होतं. त्यांनी मला हाकललं नसतं, आठ-पंधरा दिवस थांबले असते. हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच दिसत होतं की नाक गेलं तर माझ्यात दाखवण्यासारखं काही उरत नाही. उद्या येईल, परवा येईल असं म्हणत राहिलो.

आणि निभत गेलं, कारण वहिनी शेजारी उभी असे. मी नळीवर वाकायचो, श्वास घेतल्यासारखं करायचो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहायचो. बोळा काढल्याबरोबर नळीतली हवा तिच्यापर्यंतही जाई. रास चांगली असली की ती बोळा हातात खेळवत राही. काही बिघडलेलं असलं की तिचा हात थांबे. मग मी म्हणायचो, "ही मोडायला हवी." पहिल्या आठवड्यात दोनदा असं झालं, आणि दोन्ही वेळा खराब बटाटे निघाले.

पुढे पुढे ती राशीवर तळवा ठेवून आपणहून म्हणू लागली, "हितं जरा ऊब लागतीय, न्हाय का भाऊ?" पूर्वी ती असं कधी म्हणत नसे. मला ते विचित्र वाटलं, पण मी त्याचा विचार करायचं टाळलं. सोयीचं होतं, ते घेत राहिलो.

वखारीचा एक रिवाज होता आणि तो सगळ्यांना इतका ठाऊक होता की कुणी बोलून दाखवत नसे. बाई बाहेरची असली, म्हणजे महिन्याचे ते चार दिवस, तिनं वखारीच्या उंबऱ्याला शिवायचं नाही. लोणच्याला, पापडाला जो नियम तोच राशीला. विटाळ लागला की रास नासते, असं मालकापासून गाडीवानापर्यंत सगळे मानत. मीही मानत होतो.

चैत्र संपत आला होता. वहिनी एका सकाळी आली नाही. दुसरी बाई म्हणाली, "ती भायेर बसलीय. चार दिस नाय यायची." त्या बाईनं बोळा काढून हातात धरला, पण ती पाहत होती माझ्याकडे, मी काय सांगतो त्याची वाट बघत. मी तिन्ही राशी चांगल्या आहेत म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेट महाडच्या एका व्यापाऱ्याला घेऊन आले. लग्नसराई तोंडावर होती आणि त्याला मधली रास सबंध हवी होती. आम्ही आत उभे राहून बोलत होतो. बाहेरून हाक आली, "भाऊ, ओ भाऊ. जरा भायेर या."

मी दाराशी गेलो. वखारीपुढे दहा-बारा पावलांवर एक फणस होता. वहिनी त्याच्या सावलीत उभी होती, डोक्यावर लाकडाची मोळी. तिथून एक पाऊलही पुढे आली नाही. रिवाज मोडू नये म्हणून लांबूनच बोलत होती.

"खालच्या वाटंनं येताना वाऱ्यावर वास आला. गोडसर हाय. मधल्या राशीचाच. आजच मोडा ती, भाऊ."

आतून शेटनी विचारलं, "काय म्हणते ती?"

मी मधे उभा होतो. माझ्या पाठीशी शेट होते आणि ज्या राशीबद्दल मी दोन दिवस खोटं बोललो होतो ती रास होती. रास मोडली असती आणि वहिनीचं खरं निघालं असतं तर पुढचा प्रश्न मला विचारला गेला असता. मी मोठ्यानं, आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "काही नाही, शेट. वहिनी, तुमचे दिवस आहेत ना? मग इथे कशाला आलात? जा बघू."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाली, मोळी सारखी केली आणि गेली.

मी आत वळलो तेव्हा निवडणाऱ्या दोघी एकमेकींकडे बघत होत्या. व्यापारी हसून म्हणाला, "मग, नाक काय म्हणतंय?" मी मधल्या राशीच्या नळीचा बोळा काढला, सगळ्यांसमोर लांब श्वास घेतला आणि म्हणालो, "स्वच्छ आहे." व्यापाऱ्यानं परवा गाड्या पाठवतो म्हणून सांगितलं.

चौथ्या दिवशी एक बाई म्हणालीसुद्धा, "कायतरी कुबट येतंय." मी तिला म्हणालो, मागच्या खड्ड्यात टाकलेल्या बटाट्यांचा असेल. तिनं लगेच मान हलवली. नाक मी होतो ना.

पाचव्या दिवशी गाड्या आल्या. वहिनीही अंघोळ करून कामावर आली होती. वखारीत पाऊल टाकताच ती जागच्या जागी थांबली. गाडीवानानं राशीवरचा पाला बाजूला केला, पहिली पाटी भरली आणि वाकलेल्या जागेवरून मागे सरला. राशीचं पोट बसलं होतं. खालून काळसर पाणी सुटून वाळूत मुरत होतं. एकानं उपरणं नाकाला लावलं, बायांनी पदर लावले, वखारीचा मुकादम ओकारी दाबत बाहेर पळाला. मी तसाच उभा राहून बघत होतो. मग लक्षात आलं की मीही नाक झाकायला हवं. रुमाल काढला. उशीर झाला होता, पण त्या गडबडीत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. वहिनीच्या आलं. ती माझ्या रुमालाकडे बघत होती.

दुपारी शेट मोटारीनं आले. वखारीपुढे सगळे जमले. मुकादम म्हणाला, "सबंध रास अशी उगाच जात नाय, शेट. कायतरी विटाळ झालाय."

निवडणाऱ्या दोघींतली एक खाली बघत म्हणाली, "परवाच्या दिशी ही आलती. बाहेरची असताना."

"कुठवर?"

"दाराशीच व्हती म्हना की."

"मी फनसाखाली व्हते," वहिनी म्हणाली. "पुढं आले नाय. वास आला म्हून सांगाया आले व्हते."

मुकादम म्हणाला, "फणसाखालनं वास येतो व्हय गो? मग हे नाक महाडावरनं कशाला आणलंय, तुलाच ठेवू की."

सगळे हसले. गाडीवानही हसले. शेट हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "तू दाराशी होतास. ती उंबऱ्याला शिवली का?"

हो किंवा नाही एवढंच उत्तर होतं. मी नाही म्हणालो असतो तर ते तिथेच संपलं असतं, शेट माझ्यावर विश्वास ठेवत. पण मग, ती काय सांगायला आली होती, आणि तू रास का मोडली नाहीस, हे आलंच असतं. मी म्हणालो, "माझं लक्ष आत होतं, शेट. उंबऱ्याकडे नीट पाहिलं नाही."

इतकी वर्षं मी स्वतःला हेच समजावत आलो की मी तिच्यावर काही आळ घेतला नाही. आणि खरोखरच मी तिच्याविरुद्ध एक शब्दही बोललेलो नाही.

तिनं तोंड उघडलं असतं तर? यांना वास येत नाही, शिमग्यापासून येत नाही, एवढं म्हटलं असतं आणि कुणीही माझ्यापुढे कापूर धरून खात्री केली असती. ती पदर सावरून खाली बघू लागली. ती का बोलली नाही हे मला आजही कळलेलं नाही. कुणी ऐकणार नाही हे तिला माहीत असेल, किंवा माझी कीव आली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी वखारीच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं ठरलं. वखारीच्या कोपऱ्याला शेंदूर लावलेला एक दगड होता, त्याला राखणदार म्हणत. नारळ मीच आणला. मुकादमानं मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं, या लेकरानं जाणता-अजाणता जो विटाळ केला असेल तो पोटात घाल, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "होय महाराजा" म्हणत गेले. मीही म्हणालो. वहिनीला उन्हात लांब उभं केलं होतं. तिला हात जोडून म्हणायला लावलं, "चुकलं माझं, पदरात घ्या." पहिल्यांदा आवाज फुटला नाही म्हणून मुकादमानं पुन्हा म्हणायला लावलं.

मग शेट तिला म्हणाले, "काही दिवस येऊ नको. बोलावू तेव्हा ये." तिला परत बोलावलं नाही.

ते तिच्या वाडीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. निवडायला येणाऱ्या बाया आपसात बोलत आणि मी हिशेबाच्या वहीत तोंड खुपसून ऐकत असे. तिला कुणी पापडाला बोलावलं नाही. लग्नघरी हळद कुटायला सगळ्यांना आवतण गेलं, तिला नाही. पेरणीच्या वेळी भाताच्या बियाण्याची कणगी उघडली तेव्हा तिच्या जावेनं तिला आत येऊ दिलं नाही. एक बाई म्हणाली, "पहिली कशी खिदळायची, आता बोलतच नाय." ते चार दिवसांचं नव्हतं आता, बारा महिन्यांचं झालं होतं.

माझं नाक ज्येष्ठात परत आलं. पोलादपूरच्या नाक्यावर महाडची सर्व्हिस मोटार उभी होती, तिच्याजवळून जाताना एकदम पेट्रोलचा वास आला. मी तिथेच थांबून राहिलो. ड्रायव्हर म्हणाला, "बसायचंय का राव?" मी मान हलवली आणि वखारीत आलो. त्या दिवशी मी नळ्यांचा वास घेतला नाही, कारण बोळा धरायला दुसरी बाई उभी होती.

शेट मला नाक म्हणतच राहिले. आणखी एक हंगाम कसाबसा काढला आणि काम सोडून महाडला कचेरीत लागलो. बटाट्याचं काम मला झेपत नाही असं घरी सांगितलं.

दोन वर्षांनी मी तिच्या वाडीवर गेलो. पोलादपुरात सरकारी काम होतं, ते सकाळीच उरकून चढ चढलो. काय बोलायचं ते मी महाडपासून जुळवत आलो होतो. मोटारीत जुळवलं, चढावर पुन्हा म्हणून पाहिलं. तिचं घर वाडीच्या टोकाला होतं. ती अंगणात बसून नाचणी पाखडत होती. अंगानं उतरली होती. मला पाहून सूप बाजूला ठेवलं.

"भाऊ? हितं कसं काय?"

"काम होतं खाली. म्हटलं, जाऊन यावं."

तिनं गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. पाणी हातात देताना जरा थांबली, आधी माझ्याकडे बघितलं, घेईन की नाही ते. मी घेतलं. नवऱ्याची खुशाली विचारली. मुंबईत घोडपदेवला खोली मिळतेय, मिळाली की मलाबी नेनार म्हणतात, असं ती म्हणाली. मग सूप पुन्हा मांडीवर घेऊन, पाखडता पाखडता तिनं विचारलं, "नाक आलं का वो परत?"

मी म्हणालो, "आलं. त्याच वर्षी."

"बरं झालं. जेवन तरी गोड लागत आसंल."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बोलता आलं असतं. मी तांब्या खाली ठेवला, पुन्हा उचलला, पाणी संपलं होतं तरी प्यायल्यासारखं केलं. शेजारच्या अंगणातून एक म्हातारी डोकावून बघत होती. तिच्यादेखत बोललो असतो तर सगळ्या वाडीला कळलं असतं, आणि मी तर त्यासाठीच आलो होतो. मी उठलो, मोटार चुकेल म्हणालो. ती म्हणाली, "जपून उतरा, वाट निसरडी हाय." वाट कोरडी ठणठणीत होती.

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो तेव्हा दाराला कडी होती. शेजारची तीच म्हातारी म्हणाली, मुंबईस गेली नवऱ्याकडं. घोडपदेवला मी कधी गेलो नाही. मुंबईला पुष्कळदा गेलो.

तिच्या अंगणात म्हणायचं म्हणून जे जुळवलं होतं, ते मला अजून पाठ आहे. वहिनी, तुम्ही फणसाखालीच होतात, मी पाहिलं होतं. रास माझ्यामुळे गेली. हात जोडून चुकलं म्हणायचं होतं ते मी, तुम्ही नव्हे. आता मी म्हणतो, मला पदरात घ्या.